हातोडा दाजींच्या हातात दे

पत्र:

मिस्त्रीकाका, मी वाळवा तालुक्यातला, वय ३१. ऊसरोपांची नर्सरी आहे. गेल्या वर्षी जुना टाटा ४०७ ट्रक घेतला. रोपांचे ट्रे एकावर एक रचले की शेंडे मोडतात, म्हणून हौद्यात तीन मजली रॅक केला. ४० बाय ४० चा २ एमएम चौकोनी पाइप, सहा पाय. एका खेपेला २४० ट्रे बसतात, भिजलेला ट्रे साधारण दोन किलोचा. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन विकत घेतलं, एका मित्राच्या हाताखाली महिनाभर राहून शिकलो आणि सगळं काम अंगणात केलं. अजून ट्रे बसावेत म्हणून मागून चेसिसही दीड फूट वाढवली. वेल्डिंग घासून, लांबी (पुट्टी) भरून रंग मारलाय. जोड कुठं आहे ते सांगूनही कुणाला सापडत नाही.

थोरल्या बहिणीच्या मालकांचं, म्हणजे दाजींचं, फॅब्रिकेशनचं दुकान आहे. भाच्याच्या जावळाला पन्नास माणसांत ते म्हणाले, “६०१३ च्या वेल्डिंग रॉडनं खिडकीच्या ग्रिली करतात. अंगणातल्या वेल्डिंगवर गाडी हायवेला घालतोस? स्वतः मरशील आणि दुसऱ्यालाही घेऊन जाशील.” तेव्हापासून आई गाडीत बसत नाही. दोन गिऱ्हाइकांनीही आडून आडून विचारलं. दाजींचा मान मला ठेवायचाय, पण माझं काम तेवढं वाईट नाही हो. त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर:

वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा पुळका आला, दुसऱ्यांदा दाजींचा. पन्नास माणसांत बोलायला नको होतं, हे खरं. पण तू दोन वेगवेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधून माझ्यापुढं टाकलीस. रॅक हे एक काम, चेसिस हे दुसरं. रॅकसाठी मी तुझ्या बाजूनं भांडेन. चेसिससाठी नाही.

आधी ६०१३ चं बघू, कारण तिथं दाजी चुकलेत. त्या आकड्यातले पहिले ६० म्हणजे त्या रॉडच्या मालाची ताकद, चौरस इंचाला ६०,००० पौंड. आपल्या हिशेबात चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो. तुझा चौकोनी पाइप साध्या माइल्ड स्टीलचा. तो २१ ते २५ किलोच्या आसपास कायमचा वाकायला लागतो. म्हणजे सांधा नीट बसला असेल तर आधी पाइप वाकेल, मग सांधा जाईल. ग्रिली ६०१३ नं करतात हे बरोबर, पण म्हणून तो ग्रिलीपुरताच रॉड होत नाही. पातळ पाइपाला तो चांगलाच. उलट दाजींच्या दुकानात ७०१८ रॉडचा उघडा पुडा फळीवर महिनोन्‌महिने पडून असेल, तर त्यावर मी त्यांनाच चार शब्द सुनावेन. तो लो-हायड्रोजन रॉड आहे, म्हणजे सांध्यात हायड्रोजन कमी जावा म्हणून बनवलेला, आणि तो हवेतली ओल पितो. ओल प्यायलेला ७०१८ पुन्हा कामाचा करायचा तर साडेतीनशे अंशांच्या वर तासभर भाजावा लागतो. तशी भट्टी किती दुकानांत असते, ते दाजींनाही ठाऊक आहे. (हे त्यांना सांगू नकोस. बहिणीच्या घरी पुन्हा जायचंय तुला.)

आता ‘अंगणात’ या शब्दाकडं येऊ, कारण दाजींचा खरा दगड तो आहे.

१६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं असताना मधोमध मोडलं. समुद्र खवळलेला नव्हता, वादळ नव्हतं, नदीचं शांत पाणी आणि थंडीची रात्र. ते काही कुणी परसात जोडलं नव्हतं, मोठ्या गोदीत शेकडो वेल्डरांनी बांधलं होतं. त्याच काळातल्या लिबर्टी जहाजांनाही अशाच भेगा गेल्या. शोध घेतल्यावर कुठं वेल्डिंगचे दोष निघाले, पण मोठी कारणं दुसरीच होती. ते पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ व्हायचं. डेकवरच्या झाकणांच्या भोकांचे कोपरे काटकोनात कापलेले, तिथं ताण गोळा व्हायचा. आणि रिव्हेटच्या जहाजात पत्रे वेगळे असल्यानं भेग एका पत्र्यावर थांबायची, वेल्डिंगच्या जहाजात सगळं अंग एकच, त्यामुळं ती पळतच सुटायची.

हे सांगायचं कारण, काम कुठं केलं हे लोखंडाला कळत नाही. कोपरा कसा कापलास, माल आत गेला का, ताण कुठं गोळा होतो, एवढंच त्याला कळतं. अंगणात एकच गोष्ट खरोखर वेगळी असते, ती म्हणजे वीज. तुमच्याकडं संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी, टीव्ही, मिक्सर एकदम चालू झाले की सिंगल फेजला व्होल्टेज पडतं. मशीनवर आकडा ७० ॲम्पिअर दिसतो, पण आर्क मरतुकडा असतो. रॉड चिकटतो, माल वरवर बसतो, आत जात नाही. वरून मात्र मण्यांची माळ ओवल्यासारखं सुंदर दिसतं. तू नर्सरीची कामं उरकून रात्रीच वेल्डिंग केलं असणार, अशी मला शंका आहे. तसं असेल तर दाजींना उत्तर द्यायच्या आधी हेच तपास.

आणि ती लांबी! अरे बाबा, सांधा घासून गुळगुळीत केलास, वर लांबी भरलीस आणि कुणाला जोड सापडत नाही म्हणून खूश झालास. जाणत्या माणसाला न दिसणाऱ्या जोडाचीच जास्त भीती वाटते. २ एमएमच्या पाइपावर ३ एमएमचा कोनी सांधा घातलास, तर त्याचा थ्रोट, म्हणजे सांध्याचा गळा, ३ ला ०.७ नं गुणून २.१ एमएम येतो. पाइपाच्या जाडीएवढा, हिशेब नेमका जुळला. ग्राइंडरनं त्यातला एक एमएम खाल्लास की गळा निम्मा झाला. तुझ्या सांध्यांपैकी किती असे झालेत, हे आज तुलाही सांगता येणार नाही. लांबीनं ते तुझ्यापासूनही लपवलंय.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, मार खाऊन सांगतो. चोवीस वर्षांचा असताना मी एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीची दांडी जोडली होती. अगदी तुझ्यासारखीच चकचकीत घासून दिली. त्यानं खूश होऊन वर दहा रुपये दिले. गळिताच्या हंगामात भरल्या उसानिशी ती दांडी उतारावर तुटली आणि ट्रॉली कालव्याच्या भरावावरून खाली गेली. मागं कुणी बसलं नव्हतं, म्हणून आज हे सदर लिहितोय. तुटका तुकडा माझ्या उस्तादांनी माझ्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत. सांध्याच्या आत पट्टीची मूळ काळी साल तशीच होती, माल तिला चिकटलाच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या कामाआधी एक नमुना तुकडा जोडायचा आणि गिऱ्हाइकासमोर तोडायचा, अशी शिस्त त्यांनी लावली. वेळ जायचा, रॉड जायचा, पण नंतर माझ्या कामावर पन्नास माणसांत कुणी बोललं नाही.

तुझं उत्तरही तेच. त्याच पाइपाचे दोन तुकडे घे, त्याच मशीनवर, त्याच रॉडनं, तेवढ्याच ॲम्पिअरवर, ज्या वेळी काम केलंस त्याच वेळी. उभा तुकडा आडव्यावर ठेवून फक्त एका बाजूनं सांधा घाल. घासू नकोस. मग व्हाइसमध्ये धरून, सांध्याची मुळाची बाजू उघडेल अशा दिशेनं हातोड्यानं पाड. सांधा न तुटता पाइपच चेपला, तर उत्तम. तुटला, तर आत बघ. मधोमध फाटून सगळीकडं सारखा करडा दाणा दिसला तर काम ठीक आहे. पण मालाची पट्टी सोललेल्या सालीसारखी अख्खी सुटून आली आणि खाली पाइप कोरा दिसला, तर दाजी जिंकले आणि तुझा जीव वाचला. असे चार तुकडे तोड. पाचवा न तोडता दाजींच्या दुकानात घेऊन जा आणि हातोडा त्यांच्या हातात दे. जावयाचा मानही राहील आणि बोलायचं कामही त्या तुकड्याचं होईल.

रॅकवरची लांबी मात्र निघालीच पाहिजे, निदान पायांच्या बुडाशी आणि कोपऱ्यांवर. तिथं डाय पेनिट्रंट मारून घे. तीन डबे येतात, एक साफ करायचा, एक लाल, एक पांढरा. साफ करून लाल मारायचं, दहाएक मिनिटं मुरू द्यायचं, नीट पुसायचं, मग पांढऱ्याचा पातळ फवारा. भेग असेल तिथं लाल रेघ उमटते. रंगावर आणि लांबीवर हे चालत नाही, धातू उघडा हवा. आतला दोष याला दिसत नाही, फक्त वर आलेली भेग दिसते. म्हणून तुकडे तोडणं आधी, डबे नंतर.

आता तुझा रॅक पेलतो का ते बघू. २४० ट्रेचे ४८० किलो आणि रॅकचे धरू १२०, असे ६०० किलो. जोरात ब्रेक लागला की वजनाच्या ६० टक्क्यांएवढा रेटा पुढं जातो असं धर, म्हणजे ३६० किलो. तीन मजल्यांचा मध्य हौद्याच्या तळापासून पाऊण मीटरवर. ३६० गुणिले ०.७५ भागिले सहा पाय, म्हणजे एका पायाच्या बुडाशी ४५ किलो-मीटरचा वाक. ४० बाय ४० बाय २ च्या पाइपाला तो चौरस मिलिमीटरला बाराएक किलो ताण देतो. वाकायच्या मर्यादेच्या निम्म्यावर. म्हणजे तू निवडलेला पाइप चुकीचा नाही, आणि हे गणित कागदावर मांडून दाजींना दाखवलंस तरी चालेल.

पण निम्म्यावर आहे म्हणून पाय पसरू नकोस. खड्ड्याचे धक्के यात धरलेले नाहीत, आणि तुमच्या भागातल्या रस्त्यांवर ते रोजचेच. रोज थोडा थोडा वाक, सरळ, वाक, सरळ असं झालं की सांध्याच्या कडेला, जिथं माल संपून पाइप सुरू होतो, तिथं केसाएवढी भेग सुरू होते. तुझ्या पत्रात कैचीचा उल्लेखच नाही. दोन्ही लांब बाजूंना आणि मागं तिरक्या पट्ट्या टाक. तिरकी पट्टी आली की पायाला वाकावं लागत नाही, रेटा सरळ पट्टीतून खाली उतरतो. पायाच्या बुडाशी तळपट्टी टाक, कोपरे गोल करून, वर त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराचा पत्रा, दे. तळपट्टी बोल्टनं बसव, म्हणजे रॅक उतरवता येईल. त्याचा फायदा पुढं सांगतो.

आणखी एक गोष्ट दाजी बोलले नाहीत, पण मला तीच जास्त सतावते. वरचा मजला भरलेला आणि खालचा रिकामा, असं कधीही चालवू नकोस. उतरवताना माणसं सोपं पडतं म्हणून आधी खालचे ट्रे काढतात. मग वळणावर गाडी झोपते. सांधा कितीही पक्का असला तरी झोपतेच.

चेसिसचं मात्र थोडं कडू बोलणार आहे.

दाजींना वाटत असेल, जोड तुटून मागचा भाग रस्त्यावर पडेल. खरं म्हणजे चेसिसच्या अगदी टोकाला ताण कमी असतो, मधल्या भागात जास्त. त्यामुळं उद्याच तुटेल असं नाही. पण मागच्या ॲक्सलच्या मागं वजन टांगलंस की पुढची बाजू हलकी होते, तराजूसारखी. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग हातात हलकं लागतं. तुला ते बरं वाटत असेल, पण ओल्या रस्त्यावर तेच पुढचं चाक वळायचं सोडून सरळ जाईल. शिवाय चेसिसचं पोलाद तुझ्या पाइपासारखं साधं नसतं, जास्त ताकदीचं असतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याशेजारचा पट्टा आपली मूळ ताकद गमावतो. म्हणूनच बनवणारे बॉडीवाल्यांना सांगतात की फ्लँजला, म्हणजे चेसिसच्या आडव्या कडेला, वेल्डिंग नको, भोक नको, बॉडीची सबफ्रेम, म्हणजे खालची वेगळी चौकट, वर यू-बोल्टनं आवळा.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेला तपशील बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याशिवाय मागच्या ॲक्सलच्या मागं किती भाग बाहेर काढायचा यालाही मर्यादा आहे, दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्के. दंडाचं सोड. अपघात झाला आणि सर्व्हेयरनं टेप लावली, तर विम्याचा दावा तिथंच अडकेल, मग चूक समोरच्याची असली तरी.

तुमच्याच जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आठव. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी जीपसारखी चारचाकी घरी बनवली, पोरासाठी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं, पण त्याच दमात सांगितलं की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, त्यापेक्षा ही मला द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारीत लोहारांना बोलेरो मिळाली. लोक या गोष्टीतलं कौतुक तेवढं लक्षात ठेवतात. मला तो दुसरा भाग आवडतो. हाताची किंमत केली आणि रस्त्याचा नियमही सोडला नाही. तुला कुणी बोलेरो देणार नाही, त्यामुळं तुझं तुलाच निस्तरायचंय.

तर वाढवलेला दीड फूट काढ. मूळ चेसिसला कटर लावू नकोस, वाढीव भागातच काप आणि उरलेला बुंधा जाणत्या बॉडीवाल्याकडून घासून, डाय मारून तपासून घे. हे काम स्वतः करू नकोस. मी तर म्हणतो दाजींच्या दुकानात कर. त्यांच्या पदरी एक काम पडेल आणि तुझी निम्मी भांडणं तिथंच मिटतील. रॅक बोल्टचा झाला की फोटो, मापं आणि वरचं गणित घेऊन आरटीओत जा आणि लावायच्या आधी विचार. उतरवता येणारं सामान म्हणून बघायचं की बदल म्हणून, हे तिथला निरीक्षक ठरवेल, तू किंवा मी नाही. तो नाही म्हणाला तर नाही.

काम करताना बॅटरीची वायर काढ. अर्थचा चिमटा सांध्याच्या जवळच लाव, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून फिरतो आणि तिथं बारीक खड्डे पाडतो. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी नको. गॅल्व्हनाइज्ड पाइपाचा धूर घेऊ नकोस, रात्री थंडी वाजून ताप येतो. अंगणात पोरं जमत असतील तर कनात लाव, नाहीतर रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखी रडतात.

आईचं राहिलं. तिला गणित सांगू नकोस. आधी ते टोक काप, मग दाजींना पुढच्या सीटवर बसवून एक खेप कर. ते बसले की आई बसेल.

आणि पाच तुकडे तोडल्यावर मला फोटो पाठव. आतल्या बाजूचे. बाहेरून तर माझ्या त्या दांडीचाही छान आला असता.